हायब्रिड मोटारगाडीतील विद्युतशक्ती आणि महामार्गावरील वेग : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पेट्रोल इंजिन व विद्युत मोटार अशा दोन्ही साधनांवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्यांविषयी दोन परस्परविरोधी समज प्रचलित आहेत. वेग वाढला की विद्युत मोटार बंद होते व गाडी केवळ पेट्रोलवर चालते, हा पहिला समज होय. जाहिरातीतील इंधनक्षमता महामार्गावरही तितकीच मिळते, हा दुसरा. हे दोन्ही समज अपुरे आहेत. अधिक वेगात विजेचे कार्य थांबत नाही, मात्र त्याचे स्वरूप बदलते. शहरी वेगात वीज ही प्रामुख्याने साठवलेली ऊर्जा असते. महामार्गावर ती इंजिनाचे काम सुकर करणारा एक प्रवाह बनते. प्रस्तुत लेखात या बदलाचे भौतिकशास्त्रीय व यांत्रिक स्पष्टीकरण दिले असून राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील प्रवासाच्या संदर्भात त्याचा अर्थ तपासला आहे.

बीजशब्द : हायब्रिड गाडी, वायुरोध, शक्तिविभाजक, पुनर्जनन ब्रेक, इंधनक्षमता, भंडारा.

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याचे दैनंदिन दळणवळण मोठ्या प्रमाणावर नागपूर शहराशी बांधलेले आहे. शिक्षण, वैद्यकीय उपचार, न्यायालयीन कामकाज, बाजारपेठ व नोकरी या कारणांनी भंडारा, लाखनी व साकोली येथून नागपूरकडे होणारी ये-जा मुख्यतः राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून, म्हणजे पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग ६ वरून होते. भंडारा ते नागपूर हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश बहुतांशी सपाट असून रस्त्यावर दीर्घ चढउतार नाहीत. त्यामुळे गाडी बराच काळ एकसारख्या वेगाने धावते.

हायब्रिड गाडीची कीर्ती मात्र याच्या अगदी उलट परिस्थितीतून निर्माण झाली आहे. वारंवार थांबणे, पुन्हा निघणे आणि संथ रहदारी ही तिची खरी कर्मभूमी होय. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात टोयोटा प्रियस विक्रीस आली. भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये व प्रियस २०१० मध्ये दाखल झाली. परंतु आयात गाड्यांच्या किमतीमुळे त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. २०२२ मध्ये होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर व मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा या गाड्या बाजारात आल्यानंतर मध्यमवर्गीय ग्राहकासमोर हा पर्याय प्रत्यक्ष उभा राहिला. अशा वेळी ‘शहरासाठी उपयुक्त ठरलेले तंत्र महामार्गावरील प्रवाशाला काय देते?’ हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. तो लाखो रुपयांच्या खरेदीचा व सार्वजनिक करधोरणाचाही प्रश्न ठरतो.

उद्दिष्टे

१) वेग व लागणारी शक्ती यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) अधिक वेगात हायब्रिड गाडीतील मोटार, जनित्र व बॅटरी यांचे कार्य समजावून देणे.
३) प्रमाणित इंधनक्षमतेची मर्यादा दाखविणे.
४) जिल्ह्यातील प्रवासी, शिक्षण व उद्योग यांच्या दृष्टीने निष्कर्ष मांडणे.

हायब्रिड गाड्यांचे प्रकार

‘हायब्रिड’ हा शब्द व्यवहारात सैलपणे वापरला जातो. सौम्य हायब्रिड गाडीत लहान मोटार इंजिनास थोडे साहाय्य करते. ती एकटी गाडी चालवू शकत नाही. पूर्ण हायब्रिड गाडीत मोटार काही अंतर स्वतंत्रपणे गाडी ओढते. परंतु बॅटरी बाहेरून चार्ज करता येत नाही. प्लग-इन हायब्रिड गाडीत मोठी बॅटरी असते व ती घरच्या विजेवर चार्ज करता येते. पुण्यातील केपीआयटी या कंपनीने २०१० मध्ये जाहीर केलेले ‘रिव्होलो’ हे तंत्र या शेवटच्या प्रकारातील होते. वापरातील जुन्या गाडीस मोटार व बॅटरी जोडून तिला प्लग-इन हायब्रिड करावे, अशी त्यामागील कल्पना होती.

प्रस्तुत विवेचन मुख्यतः पूर्ण हायब्रिड गाडीपुरते आहे. या प्रकाराविषयी एक मूलभूत बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. अशा गाडीतील विजेचा प्रत्येक अंश अखेरीस पेट्रोलमधूनच आलेला असतो. ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जादेखील आधी पेट्रोल जाळूनच गाडीला दिलेली असते. म्हणजेच वीज हे येथे दुसरे इंधन नव्हे, तर पेट्रोलचा अधिक काटकसरीने वापर करण्याचे साधन होय.

वेग व शक्ती यांचा संबंध

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन मुख्य विरोधांवर मात करावी लागते. पहिला विरोध टायर व रस्ता यांच्यातील असून तो वेगानुसार फारसा बदलत नाही. दुसरा विरोध हवेचा. हा वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग असल्यामुळे हवेवर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट होते.

उदाहरणादाखल १,३०० किलोग्रॅम वजनाची गाडी घेऊ. टायरच्या विरोधाचा गुणांक ०.०१, वायुरोधाचा गुणांक व समोरील क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.७५ चौरस मीटर आणि हवेची घनता दर घनमीटरला १.१५ किलोग्रॅम मानल्यास पुढील आकडे मिळतात.

ताशी ५० कि.मी. : विरोध २१० न्यूटन, शक्ती २.९ किलोवॅट
ताशी ८० कि.मी. : विरोध ३४० न्यूटन, शक्ती ७.६ किलोवॅट
ताशी १०० कि.मी. : विरोध ४६० न्यूटन, शक्ती १२.८ किलोवॅट
ताशी १२० कि.मी. : विरोध ६०६ न्यूटन, शक्ती २०.२ किलोवॅट

वेग ५० वरून १०० वर नेल्यास शक्तीची गरज चौपटीहून अधिक वाढते. हायब्रिड गाडीच्या अधिक वेगातील वर्तनाचे मूळ या कोष्टकात आहे.

बॅटरी : साठा की प्रवाह?

ग्रँड व्हिटारा व हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्तीतील लिथियम-आयन बॅटरीची क्षमता सुमारे ०.७६ किलोवॅट-तास, म्हणजे घरगुती मीटरवरील पाऊण युनिट इतकीच आहे. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून ती पूर्ण भरली वा पूर्ण रिकामी केली जात नाही. तिच्यातील सुमारे ०.३ किलोवॅट-तास ऊर्जाच नित्य वापरात येते असे मानू. मोटार व इन्व्हर्टर यांतील घट धरून ताशी ५० कि.मी. वेगाला बॅटरीतून सुमारे ३.४ किलोवॅट शक्ती लागेल व गाडी पाच मिनिटांत चार-साडेचार किलोमीटर जाईल. ताशी १०० कि.मी. वेगाला मात्र १५ किलोवॅट लागतील व हाच साठा ७२ सेकंदांत, म्हणजे २ किलोमीटरमध्ये संपेल.

म्हणून भंडारा–नागपूर प्रवास साठवलेल्या विजेवर होऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु यावरून वीज निरुपयोगी ठरते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. इंजिनाची कार्यक्षमता त्यावरील भारानुसार बदलते. अतिशय हलक्या भाराखाली ते इंधन वाया घालवते. हायब्रिड गाडीतील इंजिन बहुधा ॲटकिन्सन चक्रावर चालते. त्याची कार्यक्षमता अनुकूल भाराखाली ४० टक्क्यांच्या आसपास जाते. गाडीला १२ किलोवॅटची गरज असताना इंजिनाला १७-१८ किलोवॅट निर्माण करणे अधिक लाभदायक असेल, तर उरलेली शक्ती बॅटरीत जाते. काही वेळाने इंजिनावरील भार कमी करून किंवा वेग अनुकूल असल्यास ते बंद करून ही वीज वापरली जाते. बॅटरी येथे धान्याच्या कोठारासारखी नसून गावतळ्यासारखी काम करते : पाणी येत राहते, जात राहते, पातळी थोडी वरखाली होते.

दुसरा उपयोग ओव्हरटेक करताना दिसतो. ताशी ८० वरून १०० कि.मी. वेग गाठण्यासाठी वरील गाडीस सुमारे १८० किलोज्यूल अतिरिक्त गतिज ऊर्जा लागते. हे पाच सेकंदांत साधायचे तर ३६ किलोवॅट अधिक लागतात. शिवाय हवा व टायर यांच्या विरोधासाठी सुमारे १० किलोवॅट. इंजिनाला आपले फेरे वाढविण्यास क्षणभर अवधी लागतो. मोटार मात्र तत्काळ जोर देते. भंडारा–तुमसर वा भंडारा–पवनी अशा रस्त्यांवर ट्रॅक्टर किंवा मालवाहू ट्रक ओलांडताना हा क्षण सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो.

येथे उत्पादकाच्या आकड्यांतील एक कोडेही सुटते. उपरोक्त गाड्यांत इंजिनाची कमाल शक्ती सुमारे ६८ किलोवॅट व मोटारीची ५९ किलोवॅट आहे. परंतु एकत्रित शक्ती १२७ नसून ८५ किलोवॅट आहे. कारण पूर्ण जोर लावला असता मोटारीला मिळणारी बरीचशी वीज इंजिनच जनित्रामार्फत निर्माण करीत असते. ती दोनदा मोजता येत नाही. ८५ व ६८ यांतील १७ किलोवॅटचा फरक हे ढोबळमानाने बॅटरीचे खरे योगदान होय.

शक्तिविभाजक रचना व अधिक वेग

टोयोटाच्या पद्धतीत नेहमीचा गिअरबॉक्स नसतो. त्याऐवजी ग्रहीय दंतचक्रांचा संच असतो. मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे व बाहेरून वलयचक्र अशी त्याची रचना आहे. ग्रहचक्रांच्या वाहकाला इंजिन, सूर्यचक्राला पहिले विद्युत यंत्र व वलयचक्राला दुसरे विद्युत यंत्र आणि चाके जोडलेली असतात. दोन्ही विद्युत यंत्रे प्रसंगानुसार मोटार किंवा जनित्र म्हणून काम करू शकतात.

दुसऱ्या पिढीच्या प्रियसचे उदाहरण अध्यापनासाठी सोयीचे आहे. तिच्या सूर्यचक्राला ३० व वलयचक्राला ७८ दाते आहेत. त्यामुळे इंजिनाच्या टॉर्कपैकी सुमारे ७२ टक्के भाग थेट चाकांकडे व २८ टक्के भाग पहिल्या विद्युत यंत्राकडे जातो. फेऱ्यांचे नाते असे मांडता येते : इंजिनाचे फेरे गुणिले ३.६ = पहिल्या यंत्राचे फेरे + वलयचक्राचे फेरे गुणिले २.६.

या एका समीकरणातून तीन अवस्था स्पष्ट होतात.

पहिली अवस्था, इंजिन बंद असतानाची. इंजिनाचे फेरे शून्य असल्यामुळे पहिले यंत्र वलयचक्राच्या २.६ पट वेगाने उलट फिरते. गाडीचा वेग वाढत जाईल तसे हे फेरे धोक्याच्या मर्यादेकडे जातात. त्यामुळे या गाडीत ताशी सुमारे ६७ कि.मी. वेगापुढे इंजिन फिरते ठेवावेच लागे. मात्र ‘इंजिन फिरणे’ व ‘इंजिनात इंधन जळणे’ यांत भेद आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन इंधनाविना नुसते फिरू शकते. विशिष्ट वेगानंतर वीज ‘बंद होते’ हा समज बहुधा या मर्यादेतून निर्माण झाला असावा. वस्तुतः ही मर्यादा बॅटरीची नसून दंतचक्रांच्या रचनेची होती व नंतरच्या पिढ्यांत ती वाढविण्यात आली.

दुसरी अवस्था, वेग घेतानाची. ताशी ४० कि.मी. वेगाला वलयचक्र दर मिनिटाला सुमारे १,४३० फेरे घेते. इंजिन २,५०० फेऱ्यांवर असेल तर पहिले यंत्र सुमारे ५,२८० फेऱ्यांनी पुढे फिरते व जनित्र म्हणून वीज निर्माण करते. ही वीज दुसऱ्या यंत्राला मिळते व ते चाकांना साहाय्य करते. सर्वसाधारण पुस्तकांत हीच अवस्था वर्णिलेली असते.

तिसरी अवस्था, महामार्गावरील एकसारख्या वेगाची. ताशी १०० कि.मी. वेगाला वलयचक्र सुमारे ३,५७० फेरे घेते. काटकसरीसाठी इंजिन केवळ २,००० फेऱ्यांवर ठेवले, तर समीकरणानुसार पहिले यंत्र सुमारे २,०९० फेऱ्यांनी उलट फिरते. त्याच्या टॉर्कची दिशा तीच राहते, पण फिरण्याची दिशा बदलते. परिणामी ते जनित्र न राहता मोटार बनते. त्याला लागणारी वीज दुसरे यंत्र चाकांकडील शाफ्टमधून निर्माण करते. म्हणजे दोन्ही यंत्रांच्या भूमिकांची अदलाबदल होते. इंजिन १२.८ किलोवॅट देत असताना वलयचक्राकडे १६.५ किलोवॅट जातात; त्यातील ३.७ किलोवॅट दुसरे यंत्र परत घेऊन पहिल्याकडे पाठवते. चाकांना १२.८ किलोवॅटच मिळतात. यंत्रांतील घट धरल्यास किंचित कमी. वरकरणी हा द्राविडी प्राणायाम वाटतो. परंतु त्यामुळेच इंजिनाला कमी फेऱ्यांवर, अधिक अनुकूल भाराखाली चालता येते. फिरणाऱ्या विजेतील घट इंजिनातील बचतीपेक्षा कमी असेल तोपर्यंत हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

मोटारीपुढे आणखी एक अडचण असते. स्थायी चुंबक असलेली मोटार जितकी वेगाने फिरते, तितका तिच्यात विरुद्ध विद्युतदाब निर्माण होतो. बॅटरीचा दाब त्याहून कमी पडल्यास मोटारीत पुरेसा प्रवाह जाणार नाही. म्हणून दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरीचा सुमारे २०२ व्होल्टचा दाब ५०० व्होल्टपर्यंत वाढविणारे परिवर्तक बसविले गेले.

एकसर रचना व थेट जोडणी

एकसर पद्धतीत इंजिन चाकांना जोडलेलेच नसते. ते केवळ वीज निर्माण करते. टाटा मोटर्सने २०१८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या सेवेसाठी दिलेल्या २५ हायब्रिड बसगाड्या या पद्धतीच्या होत्या. थांब्याथांब्यावर थांबणाऱ्या बससाठी ही रचना योग्य होय. महामार्गावर मात्र यांत्रिक शक्तीचे विजेत व विजेचे पुन्हा यांत्रिक शक्तीत रूपांतर करताना सुमारे १५ टक्के ऊर्जा खर्ची पडते. साध्या दंतचक्रातील घट याहून पुष्कळच कमी असते.

होंडा सिटी ई:एचईव्हीमध्ये याच कारणाने दोन्ही मार्ग ठेवले आहेत. कमी व मध्यम वेगाला गाडी मुख्यतः मोटारीवर चालते व इंजिन जनित्र फिरवते. महामार्गावरील स्थिर वेगाला एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. त्या अवस्थेतही मोटार गरजेप्रमाणे साहाय्य करते किंवा जादा शक्ती बॅटरीत साठवते. अधिक वेगात विजेची भूमिका नायकाकडून साहाय्यकाकडे कशी जाते, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

पुनर्जनन ब्रेक

ताशी ९० कि.मी. वेगाने जाणाऱ्या उपरोक्त गाडीत सुमारे ४०६ किलोज्यूल, म्हणजे ०.११ किलोवॅट-तास गतिज ऊर्जा असते. ती वेगाने थांबविल्यास प्रारंभी ब्रेकवर फार मोठा भार येतो. लहान बॅटरी इतकी शक्ती एकदम स्वीकारू शकत नाही; उरलेली ऊर्जा घर्षण ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. पुढील अडथळा दुरून पाहून हळूहळू वेग कमी केल्यास बहुतांश ब्रेकऊर्जा बॅटरीत जाते. परंतु महामार्गावर ब्रेक क्वचितच लागत असल्यामुळे ही संधीच कमी मिळते. सपाट प्रदेशामुळे घाट उतरतानाचा लाभही भंडाऱ्यातील प्रवाशाला फारसा नाही.

प्रमाणित इंधनक्षमतेचा अर्थ

ग्रँड व्हिटारा व हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्तीची प्रमाणित इंधनक्षमता लिटरला २७.९७ किलोमीटर जाहीर झाली. ही चाचणी ज्या भारतीय चालनचक्रानुसार होते, त्यातील शहरी भागाचा कमाल वेग ताशी ५० कि.मी. व उर्वरित भागाचा कमाल वेग ताशी ९० कि.मी. आहे. म्हणजे १०० कि.मी. वेगाचा प्रवास या आकड्यात समाविष्टच नाही. आकडा खोटा नाही. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पेट्रोलमधील ऊर्जा लिटरला ३२ मेगाज्यूल व चाकांपर्यंतची एकूण कार्यक्षमता ३४ टक्के मानल्यास, वाऱ्याविना व वातानुकूलन बंद ठेवून, वरील गाडी ताशी ८० कि.मी. वेगाला लिटरमागे सुमारे ३२, ताशी १०० ला २४ व ताशी १२० ला १८ किलोमीटर जाईल. विदर्भाच्या उन्हाळ्यात वातानुकूलन अपरिहार्य असल्याने प्रत्यक्ष आकडे याहून कमीच असतील. जून २०२५ मध्ये पूर्णतः खुल्या झालेल्या ७०१ कि.मी. लांबीच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० कि.मी. वेगाने मुंबईकडे जाणाऱ्याने ही घट विचारात घ्यावयास हवी. शिवाय साध्या पेट्रोल गाडीचे इंजिनही महामार्गावर बऱ्यापैकी अनुकूल भाराखाली चालत असल्याने दोन गाड्यांतील अंतर शहरात जितके असते तितके येथे राहत नाही.

जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्व

ग्राहकाच्या दृष्टीने निर्णायक बाब म्हणजे प्रवासाचे स्वरूप. ज्याचे बहुतांश किलोमीटर नागपूरच्या शहरी रहदारीत जातात, त्याला हायब्रिडचा पुरेपूर लाभ मिळतो. ज्याचे बहुतांश किलोमीटर महामार्गावर जातात, त्याने जादा किंमत व अपेक्षित बचत यांचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा. करधोरणातही हा भेद विचारार्ह आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार विद्युत गाड्यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर १,२०० घनसेंटिमीटरहून मोठे पेट्रोल इंजिन असलेल्या हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के.

उद्योगाच्या दृष्टीने लाखनी तालुक्यातील गडेगाव येथील अशोक लेलँडचा कारखाना उल्लेखनीय आहे. १९८० च्या दशकापासून गिअरबॉक्सनिर्मितीशी जोडलेल्या या कारखान्याने जिल्ह्यात यांत्रिक कौशल्याची परंपरा निर्माण केली. शक्तिविभाजक रचनेत पारंपरिक गिअरबॉक्स नसला तरी दंतचक्रांचे शास्त्र नाहीसे होत नाही; त्याला विद्युत यंत्रे व नियंत्रण यांची जोड मिळते. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलच्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज कोरड्या बॅटऱ्यांच्या उद्योगात वापरले जाते. काही प्रकारच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांतही मँगनीजची संयुगे असतात. बॅटरीचे रसायनशास्त्र शिकविताना यापेक्षा जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

निष्कर्ष

१) अधिक वेगात हायब्रिड गाडीतील विद्युतशक्ती बंद होत नाही, साठ्याऐवजी प्रवाह म्हणून ती काम करते.
२) तिचे कार्य इंजिनाला अनुकूल भाराखाली ठेवणे, क्षणिक जोर देणे व ब्रेकऊर्जा परत मिळविणे हे होय.
३) वायुरोधाच्या नियमापासून हायब्रिड गाडीलाही सुटका नाही. ताशी १०० ऐवजी ८० कि.मी. वेग ठेवल्यास दर किलोमीटरची ऊर्जेची गरज सुमारे एकचतुर्थांशाने कमी होते. भंडारा–नागपूर अंतरासाठी त्याची किंमत नऊ मिनिटे आहे.
४) प्रमाणित इंधनक्षमतेसोबत महामार्गावरील स्थिर वेगाचा स्वतंत्र आकडा जाहीर झाल्यास ग्राहकाचा निर्णय अधिक डोळस होईल.
५) भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वाणिज्य व अर्थशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी हा विषय एकत्रित प्रकल्पासाठी घ्यावा. एकाच रस्त्यावर ८० व १०० कि.मी. वेगाने जाऊन इंधनखर्चाची नोंद ठेवणे हा अल्प खर्चाचा व प्रत्ययकारी प्रयोग ठरेल. गाडी कोणती घ्यावी याचे उत्तर जाहिरातीत नव्हे, तर आपल्या नित्याच्या रस्त्याच्या नोंदीत असते, हे त्यातून विद्यार्थ्यांना उमगेल.